दहा किलोंचा माउंट, अकरा किलोंची दुर्बीण

पत्र : माझ्याकडे 200 मिलिमीटर व्यासाची आणि 1000 मिलिमीटर फोकल लेंथची न्यूटनी (आरशाची) दुर्बीण डॉब्सनी, म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवर आहे. तिच्यातून फोनवर चंद्राचे फोटो चांगले येतात. पण मृग नक्षत्रातला तेजोमेघ टिपण्यासाठी दोन सेकंदांचे एक्स्पोजर दिले तरी ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून नळी काढून ती मोटर असलेल्या इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे आकाशाबरोबर फिरणाऱ्या बैठकीवर, बसवण्याचा विचार आहे. पाहून ठेवलेल्या माउंटची भारक्षमता 10 किलो दिली आहे. नळी, कड्या आणि कॅमेरा मिळून वजन सुमारे 11 किलो भरते. एका किलोने काय बिघडणार, असे मनात येते. गो-टू (निवडलेल्या वस्तूकडे दुर्बीण आपोआप वळवणारी सोय) घ्यावे का? सध्या ज्यांचा बोलबाला आहे ते हार्मोनिक माउंट खरेच चांगले आहेत का? की वापरलेला जुना माउंट पाहावा? कॅमेऱ्याचा पिक्सेल 3.9 मायक्रॉनचा आहे, शिवाय 135 मिलिमीटरची एक लेन्स आहे. खर्च एकदाच करता येईल, तेव्हा चूक नको.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या त्या एका किलोपासूनच सुरुवात करतो. भारक्षमतेचा जो आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो, तो माउंटची मोटर न अडखळता किती वजन फिरवू शकते याचा असतो, आणि डोळ्याने पाहण्यासाठी तो बहुतेक वेळा पुरतो. मिनिटभर उघड्या राहणाऱ्या कॅमेऱ्यासाठी मात्र त्या आकड्याचा निम्मा, फार तर दोन-तृतीयांश भागच हिशेबात धरावा, असा या छंदातल्या अनुभवी माणसांचा रिवाज आहे आणि तो मला पूर्ण पटतो. म्हणजे आपण पाहिलेला माउंट छायाचित्रणासाठी पाच-साडेसहा किलोंचा समजायचा. आपण एका किलोने नाही, जवळजवळ दुपटीने पुढे गेला आहात. त्यातही आपली नळी मीटरभर लांब आहे. अक्षापासून वजन जितके दूर, तितका त्याचा जडत्वाचा भार अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि लांब नळीवर वारा शिडासारखा भरतो. त्यामुळे 11 किलोंची आखूड दुर्बीण आणि 11 किलोंची लांब न्यूटनी दुर्बीण यांना पेलणे ही माउंटच्या दृष्टीने दोन निराळी कामे आहेत.

तरीही वजन हा या निवडीतला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न फोकल लेंथचा आहे, आणि तो आपल्या पत्रात एका आकड्यापुरता येऊन गेला आहे.

पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे 15 विकला सरकतो. (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला.) आता आपल्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा किती भाग व्यापतो ते काढू. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, त्याला 206 ने गुणावे आणि फोकल लेंथच्या मिलिमीटरांनी भागावे. आपल्या न्यूटनी दुर्बिणीवर हे उत्तर 0.8 विकला येते, 400 मिलिमीटरच्या एखाद्या लहान दुर्बिणीवर 2 विकला आणि आपल्या 135 मिलिमीटरच्या लेन्सवर 6 विकला. मृगातला तेजोमेघ विषुववृत्ताला लागूनच आहे. म्हणजे हा कॅमेरा स्थिर न्यूटनी दुर्बिणीला जोडला, तर दोन सेकंदांत तारा 38 पिक्सेल पुढे जाणार. रेघा येणारच.

इक्वेटोरियल माउंटचे काम एवढेच, की त्याचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून तो त्याच वेगाने उलट फिरवत राहणे. हे काम बहुतेक माउंटांत वर्म गिअर करतो : मोटर एक आटे असलेला दंड फिरवते आणि तो दंड मोठ्या दातेरी चकतीला दाताने दात पुढे ढकलतो. स्काय-वॉचरच्या ईक्यू6-आर माउंटमध्ये या चकतीला 180 दात असतात, म्हणून वर्मची एक फेरी सुमारे आठ मिनिटांची होते. वर्म कितीही काळजीने कापला तरी तो तंतोतंत गोल आणि मध्यावर नसतो; दर फेरीत तो आकाशाच्या किंचित पुढे जातो आणि किंचित मागे पडतो. याला पिरियॉडिक एरर म्हणतात, आणि महाग माउंट व स्वस्त माउंट यांच्यातला फरक बराचसा इथेच असतो.

उदाहरणासाठी एक माउंट घेऊ, ज्याची ही चूक टोकापासून टोकापर्यंत 30 विकला आहे आणि वर्मची फेरी आठ मिनिटांची आहे. स्वस्त माउंटला हे फारसे लाजिरवाणे नाही. चुकीचा वेग सर्वांत जास्त असतो त्या क्षणी तारा सेकंदाला 0.2 विकला घसरतो, म्हणजे 30 सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये 6 विकला. आपल्या 135 मिलिमीटरच्या लेन्सवर ही घसरण एका पिक्सेलची आहे आणि ती कोणाच्या नजरेतही भरणार नाही. 400 मिलिमीटरवर ती तीन पिक्सेल होते, म्हणजे तारे लांबट दिसू लागतात. आपल्या न्यूटनी दुर्बिणीवर ती साडेसात पिक्सेल होते आणि ते छायाचित्र टाकून द्यावे लागते. माउंट तोच, रात्र तीच, चूकही तीच.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. माझा पहिला माउंट याच गणिताकडे दुर्लक्ष करून घेतला होता, आणि विकणाऱ्याने दिलेला भारक्षमतेचा आकडा मी वेदवाक्य मानला होता. एक अख्खा हंगाम माझे तारे स्वल्पविरामासारखे येत राहिले. मी आधी आरशाला दोष दिला, मग कॅमेऱ्याला, मग ट्रायपॉडखालच्या जमिनीला. शेवटी एका रात्री वर्मच्या बाहेर आलेल्या टोकावर पेन्सिलने एक खूण केली आणि प्रत्येक छायाचित्राच्या वेळी ती खूण कुठे आहे हे टॉर्चच्या लाल उजेडात वहीत लिहून ठेवले. खूण वर असताना काढलेली छायाचित्रे चांगली होती, खूण उजवीकडे असतानाची सगळी वाईट. आणि दर अकरा मिनिटांनी, म्हणजे त्या वर्मच्या फेरीइतक्या अंतराने, तोच क्रम पुन्हा येत होता. त्या माउंटमध्ये बिघाड काहीच नव्हता. 135 मिलिमीटरच्या लेन्ससाठी तो पुढे अनेक वर्षे उत्तम चालला.

म्हणून माझा सल्ला असा : आपल्या खर्चात विश्वासार्ह माउंट हवा असेल, तर त्याच्यावरची दुर्बीण लहान करा. न्यूटनी नळी डॉब्सनी बैठकीवरच राहू द्या आणि लहान, दोन्ही अक्षांना मोटर असलेला इक्वेटोरियल माउंट घेऊन त्यावर सुरुवातीला आपली 135 मिलिमीटरची लेन्स लावा. पुढे कधी जमले तर 60 ते 72 मिलिमीटर व्यासाची, 400 मिलिमीटरच्या आसपास फोकल लेंथ असलेली लहान लेन्सची दुर्बीण त्याच माउंटवर येईल. तिचे वजन कॅमेऱ्यासकट साडेतीन किलोंच्या आत राहू शकते. यात आपण काही गमावत आहात असे वाटून घेऊ नका. देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंशांहून लांब पसरलेली आहे. आपल्या 1000 मिलिमीटरच्या दुर्बिणीत ती मावतच नाही. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ आणि त्याभोवतीची धूळ, हंस नक्षत्रातले तेजोमेघ ही सगळी लहान फोकल लेंथचीच कामे आहेत. लहान, दूरच्या दीर्घिका राहून जातील, हे खरे. शिवाय डॉब्सनी बैठकीसाठी बनवलेल्या अनेक न्यूटनी दुर्बिणींमध्ये फोकस होणारी जागा नळीच्या इतकी जवळ असते, की कॅमेऱ्याचा सेन्सर तिथपर्यंत पोचतच नाही आणि मग मुख्य आरसा पुढे सरकवण्याचा उद्योग मागे लागतो. माउंट घेतल्यावर हे कळण्यापेक्षा आधी तपासलेले बरे.

असा लहान माउंट घेताना मी काय पाहीन ते सांगतो. क्रांतीच्या (उत्तर-दक्षिण) अक्षालाही मोटर असावी. केवळ विषुवांशाच्या (पूर्व-पश्चिम) अक्षाला मोटर असलेले ट्रॅकर स्वस्त पडतात, पण पुढे गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक दुरुस्त करत राहणे) करताना ते एकाच दिशेने दुरुस्ती करू शकतात आणि संगणकावरून लक्ष्य मध्यावर आणणेही त्यांना जमत नाही. स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर जीटीआय हा या वर्गातला माहितीतला माउंट आहे. त्याची भारक्षमता 5 किलो आहे आणि त्याला दोन्ही अक्षांना मोटर आहे. त्याहून एक पायरी वर जायचे असेल तर आयऑप्ट्रॉनचा सीईएम26 किंवा स्काय-वॉचरचा एचईक्यू5 पाहावा. अक्षांश लावण्याचा स्क्रू आपल्या गावाच्या अक्षांशापर्यंत खाली येतो की नाही, हे माहितीपत्रकात आवर्जून वाचा, कारण ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण आपल्या अक्षांशाइतक्याच उंचीवर असतो आणि कमी अक्षांशांवर काही माउंटांचे काउंटरवेट (तोल साधणारे वजन) ट्रायपॉडच्या पायाला अडते. तो स्क्रू हाताने फिरवून पाहता आला तर उत्तमच : भार असताना तो अडखळत, उड्या मारत फिरत असेल, तर दर रात्री ध्रुवीय जुळणीच्या, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्याच्या, वेळी आपला जीव खाईल.

ध्रुवीय जुळणीविषयी एक आकडा लक्षात ठेवा. अक्ष खऱ्या ध्रुवापासून एक कला चुकला, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे 0.26 विकला घसरतो. ध्रुवतारा स्वतः खऱ्या ध्रुवापासून 40 कलांच्या आसपास दूर आहे. म्हणजे अक्ष नुसता ध्रुवताऱ्यावर रोखून समाधान मानले, तर मिनिटाला दहा विकला घसरण ओढवते, जी आपल्या 135 मिलिमीटरच्या लेन्सवर पावणेदोन पिक्सेल आणि न्यूटनी दुर्बिणीवर तेरा पिक्सेल भरेल. पोलर स्कोपमध्ये (माउंटच्या अक्षातल्या लहान दुर्बिणीत) ध्रुवताऱ्याची त्या वेळची नेमकी जागा पाहून जुळणी केली तर ही चूक काही कलांवर येते आणि लहान लेन्सचा प्रश्न तिथेच मिटतो.

ट्रायपॉडकडे लोक शेवटी पाहतात. तो पाय न लांबवता, शक्य तितका ठेंगणा वापरावा. नळीला बोटाने टिचकी मारून आयपीसमधली प्रतिमा किती वेळात शांत होते ते मोजा. एक-दोन सेकंदांत झाली तर ठीक, पाच सेकंद डोलत राहिली तर वाऱ्याच्या रात्री आपल्याला घरातच बसावे लागेल.

गो-टूबद्दल : ते सोयीचे आहे, पण गो-टू म्हणजे लक्ष्य शोधण्याचे कौशल्य आणि ट्रॅकिंग म्हणजे लक्ष्य धरून ठेवण्याचे कौशल्य, पहिले उत्तम असलेल्या माउंटचे दुसरे सुमार असू शकते. जाहिरातीत हजारो खगोलीय वस्तूंची यादी असते, तिच्यावरून माउंटची प्रत ठरवू नका. आता कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र तारकानकाशाशी पडताळून माउंट नेमका कुठे रोखला आहे हे संगणक काही सेकंदांत सांगतो आणि माउंटला योग्य जागी नेतो. एनआयएनए आणि ॲस्टॅप ही मोफत सॉफ्टवेअर हे काम चोख करतात. त्यामुळे दोन्ही अक्षांना मोटर आणि संगणकाशी जोडणी असली की महागड्या हातनियंत्रकाची गरज राहत नाही.

गायडिंग लगेच घेऊ नका, पण त्यासाठी थोडा खर्च राखून ठेवा. एक लहानशी जोडदुर्बीण आणि तिच्यावरचा लहान कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतात आणि तारा सरकला की पीएचडी2 सारखे मोफत सॉफ्टवेअर माउंटला दुरुस्तीची सूचना देते. पिरियॉडिक एररसारखी सावकाश, नियमित चूक यामुळे सहज आटोक्यात येते. वाऱ्याचा धक्का, गिअरमधली खरखर, दुर्बिणीच्या जोडणीतली लवचीकता आणि ओढली गेलेली केबल यांवर मात्र गायडिंगचा इलाज चालत नाही. त्यामुळे ढिला माउंट गायडिंगने सुधारेल या आशेवर खरेदी करू नये. 400 मिलिमीटरवर आलात आणि गायडिंगचा सरासरी दोष दीड विकलांच्या आत राहिला, तर आपल्या पिक्सेलला तो पुरेसा आहे. हवेची अस्थिरताच अनेक रात्री तारा दोन-तीन विकला पसरवते.

हार्मोनिक माउंटांचा बोलबाला खोटा नाही. त्यांच्यात वर्मऐवजी एक पातळ, लवचीक दातेरी कडे थोडे लंबगोल होत मोठ्या कड्यात फिरते. त्यामुळे गिअरमध्ये पोकळ खेळ जवळजवळ राहत नाही आणि लहान यंत्रात खूप जोर मावतो. 1971 साली अपोलो 15 मोहिमेत चंद्रावर गेलेल्या गाडीच्या चाकांमध्ये याच जातीचे गिअर होते. झेडडब्ल्यूओच्या एएम5 माउंटचे वजन सुमारे 5 किलो आहे आणि तो काउंटरवेटशिवाय 13 किलो पेलतो, तर ईक्यू6-आर चे नुसते डोकेच 17 किलोंच्या पुढे जाते. ज्यांना दर वेळी सामान उचलून दूर अंधाऱ्या जागी न्यावे लागते, त्यांच्यासाठी हा फरक कंबरेचा आहे. पण या गिअरची पिरियॉडिक एरर बरीच मोठी असते आणि गायडिंगशिवाय तो लांब एक्स्पोजरला उपयोगी पडत नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी गायडिंगचा खर्च त्यात मिळवावा लागतो. वीज गेली की अक्ष धरून ठेवणारा ब्रेक काहींत असतो, काहींत नसतो. काउंटरवेट नसल्यामुळे हलक्या ट्रायपॉडवर सगळे एका बाजूला कलंडण्याची भीतीही असते. आपला खर्च एकदाच होणार आहे, तेव्हा आपल्यासाठी मी तो पहिल्या पसंतीला ठेवणार नाही.

वापरलेला माउंट हा मात्र मला आपल्या बाबतीत सर्वांत चांगला मार्ग वाटतो, कारण वर्मचा माउंट घरी उघडता येतो, त्याचे ग्रीस बदलता येते आणि वर्म व चकती यांच्यातली फट जुळवता येते. पाहायला जाताना दिवसाउजेडी जा. दोन्ही क्लच (अक्ष आवळून धरणाऱ्या कळा) आवळून काउंटरवेटचा दांडा हलकेच पुढे-मागे करा. आत 'टक' असा खेळ जाणवला तर फट वाढलेली आहे, आणि ती चकतीच्या एकाच भागात जाणवत असेल तर तिथले दात झिजले असण्याची शक्यता आहे. मग क्लच सोडून दोन्ही अक्ष हाताने पूर्ण फेरी फिरवा. कुठेही अडता कामा नये. नंतर माउंटला त्याच्या ठरलेल्या 12 व्होल्टच्या पुरवठ्यावर पूर्ण वेगाने फिरवून आवाज ऐका. एकसारखी घरघर चालेल, पण दर फेरीला आवाज चढत-उतरत असेल तर वर्म कुठेतरी दाबून बसला आहे. विकणारा छायाचित्रण करत असेल तर त्याच्याकडे गायडिंगचा आलेख मागा. जो माणूस तो आनंदाने दाखवतो, त्याच्याकडून घेताना मी फारशी घासाघीस करणार नाही.

आणि एवढे सांगूनही मन न्यूटनी दुर्बिणीवरच अडले असेल, तर ईक्यू6 वर्गाच्या खाली उतरू नका. 20 किलो भारक्षमतेचा माउंट 11 किलोंना जेमतेम पण खात्रीने पेलतो. तो वापरलेला घ्या, गायडिंगचा खर्च सुरुवातीलाच धरा आणि वाऱ्याच्या रात्री नळी घरात ठेवा.

माउंट मिळेपर्यंत हात रिकामे ठेवायचे नसतील, तर दोन फळ्या बिजागरीने जोडून ट्रॅकर करता येतो. एक मिलिमीटर आट्याचा एम6 स्क्रू बिजागरीच्या अक्षापासून 228.6 मिलिमीटरवर बसवला आणि तो मिनिटाला एक फेरी या गतीने फिरवला, की वरची फळी आकाशाच्या गतीने उघडत जाते. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असावा. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत स्क्रू हातानेच फिरवत राहिलात, तरी 24 किंवा 35 मिलिमीटरच्या लेन्सवर मिनिटभराची छायाचित्रे स्वच्छ येतात. ध्रुवीय जुळणीचा सरावही त्यात होऊन जातो.

न्यूटनी दुर्बीण विकून माउंटमध्ये भर घालावी का, असे आपण विचारले नाही, पण विचार आला असेल तर विकू नका. कॅमेरा देवयानीवर मिनिटामिनिटाची छायाचित्रे घेत तासन् तास चालणार आहे, आणि त्या वेळात आपल्याला पाहायला काहीतरी हवे. फक्त डॉब्सनी बैठक माउंटपासून आठ-दहा पावले दूर मांडा. फळ्यांच्या किंवा पातळ स्लॅबच्या जमिनीवर आपल्या पावलांचा धक्का ट्रायपॉडपर्यंत पोचतो आणि त्या वेळचे नेमके एक छायाचित्र हलते.